सिंगापुरातून सांभाळलेलं स्टेशन

जर्मनीतलं एक आडगावचं स्टेशन मी काही वर्षं सांभाळलं, तेही सिंगापुरात बसून. आता सांभाळलं म्हणजे झाडलं-पुसलं असं नाही हं. तिथल्या फलाटांवर पाट्या असतात ना, कुठली गाडी, कुठल्या फलाटावर, किती उशिरा, त्या पाट्यांमागचं सॉफ्टवेअर इथल्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात तयार व्हायचं. मोठमोठी शहरं सीनियर मंडळींनी आधीच वाटून घेतली होती. उरलंसुरलं हे एवढंसं स्टेशन माझ्या गळ्यात पडलं. पहिले काही दिवस मी नुसती धुसफुसत होते. मग त्याच्यावर कधी जीव जडला, माझं मलाच कळलं नाही.

लाल विटांची इमारत, कोळशाच्या इंजिनांच्या काळातली. दर्शनी भिंतीवर घड्याळ. तिकिटाची खिडकी बंद होऊन तिथे मशीन आलेलं आणि वेटिंग रूममध्ये चक्क बेकरी. सायकली ठेवायला छप्पर, पलीकडे जायला भुयार. आणि गंमत ऐका, फलाट एक, दोन आणि चार. तीन नाहीच! तिथून पूर्वी साखर कारखान्याच्या बिटांच्या वाघिणी जायच्या. कारखाना बंद पडला, रूळ उखडले, पण उरलेल्या फलाटांचे नंबर कोणी बदलले नाहीत. नवखा माणूस हमखास तीन नंबर शोधत फिरायचा, म्हणून पाटीवर तशी सूचना टाकायचं कामही माझ्याकडेच होतं.

हे सगळं मी घरी इतकं बोलायचे की लेक कानांवर हात ठेवायची. सासूबाई मात्र ऐकायच्या. त्या सांगलीच्या, त्यामुळे साखर कारखाना म्हटलं की त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. "आपल्याकडे ऊस, त्यांच्याकडे बीट. एवढाच काय तो फरक," असं म्हणून त्यांनी अख्खं स्टेशन आपलंसं करून टाकलं होतं.

त्या वर्षी सासूबाई आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटवर आल्या होत्या त्या खरं तर लेकाला भेटायला. माझा नवरा मरीन इंजिनिअर. त्याच्या जागी येणारा माणूस वेळेवर आला नाही, म्हणून हा जहाजावरच अडकला. आज येईल, उद्या येईल करत त्यांनी मुक्काम वाढवला. सिंगापुरात राहायच्या पासची मुदत एकदा वाढवून मिळाली, पुन्हा मिळणार नव्हती. रविवारी दुपारचं त्यांचं परतीचं विमान ठरलं. आणि याचं जहाज दुरुस्तीला लागलं जर्मनीत! शुक्रवारी निघून शनिवारी संध्याकाळी तो घरी पोचणार होता. सोमवारी इथे त्याची परीक्षा, ती झाली की लगेच दुसरं जहाज. म्हणजे मायलेकांना मिळून एक रात्र आणि एक सकाळ. तेवढीही हुकली तर पुन्हा वर्षभर भेट नाही. दीड वर्ष तर आधीच झालं होतं.

त्याच्या तिकिटावर गाडी बदलायचं स्टेशन वाचलं आणि मी ओरडलेच. माझं स्टेशन!

शुक्रवारी मी घरूनच काम करत होते. दिवेलागणीची वेळ. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला माझा लॅपटॉप, त्यात स्टेशनची पाटी. दुसऱ्या बाजूला सासूबाई लेकासाठी बेसनाचे लाडू वळत होत्या. तिकडे दुपार होती. एवढ्यात त्याचा फोन आला.

"गाडी शेतात थांबलीय गं. सिग्नलचं काहीतरी झालंय. शेतात बीटच दिसतायत बहुतेक."

"बीट कसले बघतोस!" मी पाटीवर उशीर वाढताना बघत होते. तो उतरायच्या आत विमानतळाची गाडी चार नंबरवरून सुटून जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पुढची तासाभराने. त्या एका तासापायी विमान हुकणार. आणि नंतरच्या विमानाने तो उतरणार रविवारी रात्री, सासूबाई तेव्हा मुंबईला पोचलेल्या असणार.

"ऊठ आणि टीसीला शोध," मी म्हटलं. "त्याला सांग, मला पुढची गाडी पकडायचीय. तो कंट्रोलला कळवतो. त्यांना पटलं तर ते पुढची गाडी थोडा वेळ थांबवतात. पण सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्यांना काय स्वप्न पडणारे?"

"जाऊ दे गं. एका माणसासाठी कशी थांबवतील गाडी? उगाच लोकांना त्रास."

माझं डोकंच सणकलं. हा माणूस इंजिन रूममध्ये वाघ, आणि बाहेर इतका भिडस्त की आमटीत मीठ कमी असलं तरी मागणार नाही. आमचं लग्नसुद्धा ठरलं, कारण मीच विचारलं. मी तोंड उघडणार तोच सासूबाईंनी बेसनाच्या हाताने फोन ओढून घेतला.

"अरे, मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, तो तर टीसी आहे! ऊठ आधी. मी इथे इतके महिने काय सिंगापूर बघायला बसलेय?"

फोन कट झाला. तो उठला की नुसताच गप्प बसला, काही कळायला मार्ग नव्हता.

"अगं, तूच लिही ना तिथे, गाडी थांबवली म्हणून," सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आई, मी लिहिलं तर पाटी बदलेल, गाडी थोडीच थांबणारे? आणि उद्यापासून मी घरी बसेन."

"बैस मग. तुला तरी कुठे फुरसत मिळते!"

"आजी, जर्मन ट्रेन व्हेरी स्ट्रिक्ट, डोंट वेट वन लाह," गृहपाठातून डोकं वर काढून लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"तू गप गं," सासूबाईंनी तिला दटावलं.

विमानतळाच्या गाडीची वेळ झाली. सुटलेल्या गाडीची ओळ पाटीवरून आपोआप पुसली जाते, तो प्रोग्राम मीच लिहिलेला. आता पुसेल, मग पुसेल म्हणून आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. ओळ काही पुसली जाईना. मग तिच्याखाली जर्मनमध्ये बारीक अक्षरं उमटली. मागच्या वर्षी ते वाक्य मी स्वतः पाटीवरच्या सूचनांच्या यादीत घातलं होतं, पण माझ्या स्टेशनवर खरंखुरं वापरलेलं कधी बघितलं नव्हतं.

"काय गं? काय लिहिलंय?"

"गाडी मागून येणाऱ्या प्रवाशांसाठी थांबली आहे," मी वाचून दाखवलं. "तुमच्या लेकासाठी, आई."

त्या आत जाऊन देवापुढे साखर ठेवून आल्या. तेवढ्यात पुन्हा फोन. तो पळत होता, धापा टाकत होता.

"तीन नंबरच ना?"

"अरे देवा! तीन नाहीच तिथे! चार! भुयारातून जा!" इतकी वर्षं मी घरात दुसरं काय बोलले होते? आणि हा तीन नंबर शोधतोय!

मग दार बंद झाल्याचा आवाज आला. "बसलो," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, स्वतःलाच नवल वाटल्यासारखा, "अगं, माझ्यामागे आणखी बरेच जण पळत आले. सगळ्यांना हीच गाडी हवी होती. टीसीला माझ्याशिवाय विचारलं कुणीच नव्हतं."

शनिवारी तो आला. सासूबाईंनी त्याला आधी जेवायला वाढलं, मग झोपू दिलं नाही. रात्री स्वयंपाकघरातून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी मुद्दाम तिकडे गेले नाही.

रविवारी आम्ही सगळे चांगी विमानतळावर गेलो. सासूबाईंचे गुडघे दुखायचे म्हणून व्हीलचेअर सांगितली होती. ती घेऊन एक वयस्क चिनी अंकल वेळेच्या जरा आधीच हजर झाले. आजवर दर वेळी लेक जायचा आणि त्या हात हलवत उभ्या राहायच्या. या खेपेला त्या खुर्चीत बसल्या आणि लेक उभा राहिला. पदर सारखा करायच्या निमित्ताने त्या खाली बघत होत्या. अंकलनी खुर्चीला हात घातला.

"अंकल," माझा नवरा म्हणाला. मी चमकून बघितलं. "पाच मिनिटं थांबाल का, प्लीज? आई आहे माझी."

"कॅन, कॅन," म्हणत अंकल बाजूला जाऊन उभे राहिले.

"शिकला गं," सासूबाई मला म्हणाल्या. पिशवीतून लाडू काढून त्यांनी सगळ्यांदेखत त्याच्या तोंडात कोंबला. मग त्याचा हात धरला, आणि अंकल परत येईपर्यंत सोडला नाही.