खाडीची मोटर, डोंगरातलं तळं

माझा धाकटा भाऊ दोस्तांबरोबर लडाखला गेला आणि तिथल्या एका तळ्यात बुडाला. बोटीने ते पलीकडच्या कड्याखाली गेलेले, तिथे यानं उडी मारली. ठाण्याच्या खाडीत वाढलेला पोरगा, पाणी दिसलं की शर्ट काढणारच! मूर्ख कुठला. बर्फाचं पाणी आहे एवढंही कळू नये? तिथल्या लोकांनी शोधलं. मग थंडी वाढली, बोटी काठावर ओढल्या आणि शोध थांबला.

आमच्या गावात बुडालेल्याला पाण्यात ठेवत नाहीत, सापडेपर्यंत होड्या फिरतात. आई म्हणाली, त्याला आणल्याशिवाय बारावं नाही. काकाने आपल्या होडीची मोटर काढली, कुणाची तरी रबरी बोट मागून आणली. नौपाड्यातल्या मेकॅनिककडे मोटर सर्व्हिसिंगला नेली तेव्हा त्याने विचारलेलं, "कुठे नेताय?" काका म्हणाला, "जरा बाहेर." शोधायला निघताना कुठे चाललो ते सांगायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत. त्या बिचाऱ्याने ती खाडीसाठीच लावून दिली. खाडीत फिरवून बघितली तर अशी पळाली की काकाला रडूच आलं.

तळ्यावर मात्र दोरी ओढून ओढून हात सोलवटले तेव्हा ती सुरू झाली. काळा धूर, नुसता आवाज. काकाने मूठ पूर्ण पिळली तरी बोटीचं नाक वर ते वरच, पळायचं नाव नाही. पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणून पेट्रोल बदललं. प्लग पुसले. वजन कमी व्हावं म्हणून बरोबर आलेल्या चुलतभावाला काठावर उतरवलं, काका आणि मी दोघंच राहिलो. तरी तेच! दुपारी वारा सुटला आणि आम्हाला जिथून निघालो तिथेच आणून टाकलं.

खाली गावात रेंज आली तेव्हा मेकॅनिकला फोन लावला.

"अहो काका, चौदा हजार फुटांवर हवाच विरळ," तो म्हणाला. "पेट्रोल तेवढंच जातंय, हवा नाही, जळणार कसं? पेट्रोल सोडणारा जेट बारीक लागतो, पंखा कमी पिचचा, हलका फिरणारा. तरी खाडीएवढी ताकद नाहीच मिळणार, पण बोट चालली असती. निघताना सांगितलं असतंत तर मीच बदलून दिलं असतं ना!"

मी काकावर ओरडले, "जळली तुमची ती रीत!" सुटे भाग यायला आठवडा लागणार होता आणि आम्हाला परवानगी फक्त दुसऱ्या दिवसापर्यंतची.

पहाटे पुन्हा निघालो. कडा समोर दिसत होता, त्याखालचं काळं पाणीही दिसत होतं. अर्ध्या वाटेत वारा आला. मोटर बोंबलतेय आणि बोट जागच्या जागी. मी हाताने पाणी मारत होते, वेड्यासारखी. तिथे माझा भाऊ होता आणि मला तिथे जाता येत नव्हतं. बोटं बधिर झाली, पाणी उडून कपडे भिजले. काका म्हणाला, "बाय, आता तूपण जाशील." आणि त्याने बोट वळवली. त्या वेळी मला खरंच वाटलं, जाऊ दे, मीपण जाते.

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. आमचे रिकामे हात तिने बघितले. रडली नाही.

"भावोजी, कड्याखाली बघितलात?"

काकाने माझ्याकडे पाहिलं. तिथपर्यंत पोहोचलोच नाही, हे त्या माउलीला कोण सांगणार?

"बघितलं वहिनी," तो म्हणाला. "सगळं बघितलं. नाही सापडला."

आईचा चेहरा एकदम हलका झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती नीट बसली.

"तिथे नाही ना? मग निघाला माझा पोर पोहून," ती म्हणाली. "आता त्याच्या बाराव्याचं नाव काढू नका कोणी."