साहेब आत आहेत

गिरिजाक्का गेल्याची बातमी मोबाईलवर आली, फुलांच्या चौकटीत बसवलेल्या फोटोसकट. फोटो कुठल्यातरी लग्नातला, कडेला दुसऱ्याच कुणाचा तरी अर्धा खांदा. खाली मजकूर होता : 'हुमनाबादचे सुप्रसिद्ध सीए श्री. शिवराज यांच्या धर्मपत्नी सौ. गिरिजा लिंगैक्य झाल्या.' मी तो मजकूर पुन्हा वाचला. साहेबांच्या नावामागे सीए होतं. अक्कांच्या नावामागे सौ. होतं. दोघंही एकाच परीक्षेला बसलेले... अक्का पहिल्या झटक्यात पास झाल्या आणि साहेबांना ती पुन्हा पुन्हा द्यावी लागली, हे मला खुद्द अक्कांनीच एकदा हसत हसत सांगितलं होतं. मेलेल्या माणसाच्या घराबद्दल असं बोलू नये म्हणतात. हयात असताना त्या बोलू देत नव्हत्या, गेल्यावर लोक बोलू देत नाहीत. मग बोलायचं कधी? महिना उलटून गेलाय, सगळ्यांचं रडून झालंय, म्हणून आता लिहिते.

मी संतपूरची. बीदरला बी.कॉम.ला होते तेव्हा आमच्या कॉलेजनं नियम काढला की दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत प्रत्येकानं एखाद्या सीएच्या ऑफिसात इंटर्नशिप करायची. आमच्या घरी तो शब्द कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून वडिलांनी गावात सांगून टाकलं, पोरगी हुमनाबादला हापिसात लागली. मावशी हुमनाबादला राहायची, म्हणून हुमनाबाद. ऑफिस बसस्टँडजवळ, टायरच्या दुकानाच्या माडीवर. पहिल्या दिवशी वडील सोडायला आले. बाहेरच्या खोलीत दाराशेजारच्या टेबलावर एक बाई मान खाली घालून फायलीत काहीतरी बघत बसलेली. अंगावर साधी इलकल साडी, चष्मा केसांत सरकवलेला. वडिलांनी नमस्कार केला आणि विचारलं, "सायेब हाईत का ताई? पोरगीला त्यांच्या हवाली करून जावं म्हणलं." बाईनं मान वर केली, एकदा माझ्याकडं बघितलं. "हाईत की. कामात हाईत जरा. बसा, इचारून येते." ती आतल्या केबिनीत गेली, दार लावलं, पंख्याची घरघर सुरू झाली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "सायेब व्हय म्हणले. उद्यापासून पाठवा." वडील खूश झाले. जाताना त्यांनी त्या बंद दाराला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी कळलं की केबिनीत कुणीच नाही. काही वर्षांपूर्वी साहेबांनी हैदराबादला दुसरं ऑफिस टाकलं होतं आणि ते तिकडंच राहायला गेले होते. अमावस्येच्या पूजेला तेवढे यायचे, नारळ फोडायचे, दोन तास खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. हुमनाबादचं ऑफिस अक्का, म्हणजे दाराशेजारच्या टेबलावरची तीच बाई, चालवत होत्या. साहेब गेल्यावर पहिल्या आठवड्यात जो येई तो "सायेब न्हाईत? मग येतो पुन्हा" म्हणून जिन्यावरूनच माघारी फिरे, म्हणून अक्कांनी ही युक्ती काढली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी रोज बघितला. समोर सीए बसलेली आणि माणसं तिलाच विचारायची, सीए आहेत का.

त्यामुळं त्या ऑफिसात मी पहिला धडा शिकले तो जमाखर्चाचा नाही, पंख्याचा. "आत गेलीस की आधी पंखा लावायचा," अक्का म्हणाल्या. "पंख्याचा आवाज आला की मान्सं नीट बसतात. मग फाईल टेबलावर ठेवायची, जरा दम धरायचा, मग यायचं." मी विचारलं, दम म्हणजे किती? त्या म्हणाल्या, "लगेच आलीस तर सायबांनी बघितलंच न्हाई म्हणतेत. लई उशीर केलास तर काम अवघड हाय म्हून घाबरतेत." खालच्या हॉटेलातून चहा यायचा त्यात साहेबांचा एक कप असायचाच, आणि तो मी आत नेऊन प्यायचा. त्या उन्हाळ्यात साहेबांच्या नावानं मी इतका चहा प्याले की मला पित्त झालं. मे महिन्यात लाईट गेली की बाकावरचं कुणीतरी कळवळून म्हणायचं, "सायबाला गरम व्हायलंय बघा," आणि मला वहीनं वारा घालायला आत पाठवायचं. मी रिकाम्या खुर्चीकडं बघत हसू दाबत उभी राहायची. तेव्हा हसू यायचं. धाब्याची मालकीण होती एक, नवऱ्याच्या माघारी एकटीनं धाबा चालवणारी, ट्रकवाल्यांना दरडावणारी. तीसुद्धा पदर सावरून विचारायची, सायेब हाईत का. तिच्या वेळी मात्र मला हसू आलं नाही.

पण मी काम शिकले ते अक्कांकडूनच. मोठी फाईल असली की त्या ती घेऊन स्वतः केबिनीत जायच्या. आत साहेबांची मोठी फिरती खुर्ची आणि खिडकीपाशी एक लाकडी स्टूल. अक्का स्टुलावर बसायच्या, टेबलाच्या कोपऱ्यावर फाईल टेकवून. पंखा मोकळ्या खुर्चीवर फिरायचा आणि अक्का कडेला घामाघूम. मला बोलावून एकेक आकडा दाखवायच्या, "हे बघ, हे हितं कामून आलं? इचार कर. मी सांगणार न्हाई." मी चुकले की रागवायच्या नाहीत, पुन्हा विचारायच्या. कॉलेजात कुणी मला विचार कर असं म्हटलं नव्हतं, लिहून घे म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "अक्का, खुर्चीत बसा की. कोण बघायलंय?" त्यांनी चष्मा पुसला. "नको गं. एकदा बसले तर उठू वाटंल का मला?"

एवढं सगळं करून कागदाखाली सही त्यांचीच असायची, हे विशेष. गिरिजा, स्वच्छ अक्षरात, खाली नंबर. पण सही कोण वाचतो? लोक वरचा फर्मचा शिक्का बघायचे. जिन्यापाशी पूर्वी रंगवलेली पाटी होती, तिच्यावर दुसऱ्या ओळीत अक्कांचं नाव होतं म्हणे. पुढं फ्लेक्स केला तेव्हा फ्लेक्सवाल्याला जागा पुरली नाही. साहेबांचा फोटो मात्र त्याच जागेत व्यवस्थित बसला.

तेव्हा माझ्या मनानं एकच घेतलं होतं. कुणीतरी एकानं तरी, एकदा तरी, कामासाठी यावं आणि 'अक्का हाईत का' असं विचारावं. आणि मला वाटलं, तो माणूस बाबूअण्णा असेल. बाबूअण्णा लॉऱ्यांचे मालक, जाडजूड, मोठ्या आवाजाचे. त्यांना गाड्यांच्या भाड्यावरून कर खात्याची नोटीस आली होती आणि त्यांची झोप उडाली होती. सुनावणी कलबुर्गीला. अण्णांच्या जीपमधून आम्ही तिघं गेलो, मी मागं फायली मांडीवर घेऊन. अधिकाऱ्यासमोर अक्का बोलू लागल्या आणि मी बघतच राहिले. त्या अधिकाऱ्याशी कन्नडमध्ये, मध्येच इंग्रजीत, वळून अण्णांना मराठीत विचारायचं, पुन्हा कन्नडमध्ये. हातात कागद नाही. अधिकारी चिडला तर यांचा आवाज आणखी खाली यायचा. शेवटी त्यानं पेन ठेवलं आणि ऐकू लागला. अण्णा शेजारच्याच खुर्चीत बसून हे सगळं बघत होते, डोळे विस्फारून. परत येताना मी वाट बघत होते, आता बोलतील. जीप हायवेला लागली तेव्हा ते बोलले, "काय डोकं हाय ओ सायबांचं! सगळं बैजवार सांगून धाडले तुम्हास्नी. आन् तुमीबी बरं ध्यानात ठिवलाव अक्का." अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "व्हय."

सुट्टी संपत आली तेव्हा निकाल अण्णांच्या बाजूनं लागला. अण्णा शाल, नारळ, पेढे आणि गाडीवरचे दोघं-तिघं घेऊन जिना चढून आले. "सायबांचा सत्कार करायचाय. आज न्हाई म्हणायचं न्हाई." मी सवयीनं पंखा लावायला उठले. अक्कांनी मला हातानं थांबवलं. त्या उठल्या, केबिनीपाशी गेल्या आणि दार सताड उघडलं. "या अण्णा," म्हणाल्या, "करा सत्कार." आणि त्या दाराशेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खांद्यावरून नीट ओढून घेतलेला मी बघितला, शाल घेण्यापूर्वी बायका घेतात तसा... अण्णा आत डोकावले. खुर्ची रिकामी. अण्णांनी खुर्चीकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं, पुन्हा खुर्चीकडं बघितलं. माणसाला कळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. मला अजूनही वाटतं, त्यांना कळलं होतं. मग ते पुढं झाले, घडी मोडून शाल खुर्चीच्या पाठीवर पांघरली, समोर नारळ ठेवला, हात जोडले. "सायेब भायेर गेलेत वाटतंय," म्हणाले. "आल्यावर सांगा, बाबू येऊन गेला म्हून." आणि पेढ्यांचा पुडा अक्कांच्या हातात देऊन म्हणाले, "समद्यांस्नी वाटा."

अक्कांनी पेढे वाटले. माणसं खाली गेली, लॉरीचा हॉर्न वाजला. मी रडत होते, रागानं. अक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बघ, दार तर उघडले मी. आनिक काय करू, सांग?" त्याचं उत्तर मला आज येतं. शाल ओढून स्वतःच्या खांद्यावर घ्यायची होती, अक्का. खुर्चीत बसायचं होतं. फ्लेक्स फाडायचा होता. मला तुमचा राग येतो, तुम्ही गेलात तरी येतो. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे ओढत राहिले, कारण तुम्ही पीठ दळत राहिलात, पुन्हा ते चाळून त्यांच्यापुढं ठेवलंत. पुढं मी सीए झाले ते तुमच्यामुळं. बीदरला माझं ऑफिस एकाच खोलीचं आहे, तेही तुमच्यामुळं. कुणी साहेब आहेत का विचारलं की मी नाहीत म्हणते आणि बसून राहते. काही जण उठून जातात. जाऊ देत. तुमच्यासारखी भरभराट माझी झाली नाही, हेही खरं.

बातमीनंतर दोन दिवसांनी मी भेटायला गेले. भेटायला येणाऱ्यांची व्यवस्था ऑफिसातच केली होती, घर लहान म्हणून. साहेब केबिनीत फिरत्या खुर्चीत बसले होते आणि माणसं रांगेनं आत जाऊन हात जोडून बाहेर येत होती. खुर्चीच्या पाठीवर तीच शाल, आता विटलेली. बाबूअण्णाही आले होते, काठी टेकत, म्हातारे झालेले. डोळे पुसत साहेबांना म्हणाले, "तुमचं आता कसं व्हायचं सायेब? अक्का चहापानी सगळं बघत व्हत्या." माझा तोल गेला. भर माणसांत म्हटलं, "अण्णा, कलबुर्गीला तुमची केस अक्का लढल्या. तुम्ही शेजारी बसला होता. मीबी होते." रांग जागीच थांबली. अण्णांनी खाली बघितलं. मी साहेबांकडं बघितलं. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. ते शालीच्या टोकाशी बोटांनी चाळा करत म्हणाले, "व्हय, लई मदत व्हती तिची मला." मग पुढच्या माणसानं हात जोडले.

परवा एका अशिलाचे जुने कागद आणायला पुन्हा त्या माडीवर गेले. फ्लेक्स तसाच. दाराशेजारच्या टेबलावर कॉलेजातली एक मुलगी, रेणुका नाव, निंबर्ग्याची. या उन्हाळ्यात इंटर्नशिपला आली आणि तिथंच राहिली. बाकावर दोन माणसं. मी काम सांगितलं तशी ती उठली. "बसा म्याडम. साहेब आत आहेत, इचारून येते." आत गेली, दार लावलं, पंख्याची घरघर सुरू झाली. खाली टायरवाल्यानं सांगितलं होतं, साहेब अक्कांचे दिवस झाले त्याच दिवशी हैदराबादला गेले. सह्या आता तिकडूनच कॉम्प्युटरवर होतात. मी बाकावर बसले, त्या दोघांच्या शेजारी. ना लवकर, ना उशिरा, अगदी बरोबर वेळेला मुलगी बाहेर आली. कागद तिनं नीट लावून आणले होते, चुकलेलं एक पान हेरून बदललंही होतं. मी तिला जिन्यापाशी नेऊन हळूच म्हटलं, "आत कुणी नाही, मला माहीत आहे. हे कुणी शिकवलं तुला?"

ती घाबरली नाही. "अक्कांनीच की. पैल्या दिवशीच."

मी केबिनीच्या दाराकडं बघितलं. मग विचारलं, "आत कुठं बसतीस?"

"स्टुलावर," ती म्हणाली. "खुर्ची सायबांची हाय न्हवं."

मी म्हटलं, "जा, तो पंखा तरी बंद कर." तिनं बाकाकडं बघितलं. तिथं अजून दोन माणसं बसली होती. तिनं पंखा बंद केला नाही.