तीनशेची बोली

आमच्या चर्चच्या अंगणात त्या रविवारी लिलाव होता आणि तो पार पाडायची जबाबदारी माझ्यावर, गावातल्या पत्रकारावर, होती. नव्वदच्या दशकातलं शेवगाव तालुक्यातलं आमचं गाव. चर्चचे पत्रे सडले होते, नाताळापर्यंत नवे बसवायचे होते.

आमच्याकडे हंगामाच्या सणाला पिकातला पहिला वाटा देवाला आणतात. बाजरी, भोपळे, अंडी, कोंबडे... उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. घेणारा बहुतेक वेळा वस्तू परत देतो आणि ती पुन्हा बोलीला निघते.

दरवर्षी पाळकसाहेब बोली पुकारायचे आणि संकोचून दहा-वीस रुपयांत मोकळे व्हायचे. यंदा मी मोंढ्यातल्या बन्सीशेठ अडत्याला बोलावलं. त्यानं कमिशन नको म्हटलं, टेम्पोचं भाडंही घेतलं नाही... तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यात सकाळी तो स्टँडवर आमच्या सायमन गुरुजींबरोबर चहा पिताना दिसला. गुरुजींचा कांदा त्याच्याच अडतीवर जायचा. मी ही गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर घातली. "लक्ष ठेवा," एवढंच ते म्हणाले.

मी लक्ष ठेवलं. शेठ पुकारायचा झकास, पण त्याची नजर बोली करणाऱ्यावर नसायची. ती सारखी मागे जायची... बायका बसल्या होत्या त्या बाजूला. कुणाला खुणा करतोय हा?

मग एक तांबडा कोंबडा निघाला. गुरुजी आणि त्यांचा साडू योहान (नाव बदललंय) ईर्ष्येला पेटले. एक पगारदार, दुसरा ऊसतोडीला जाणारा... साडूसमोर माघार कोण घेणार?

"साडू, झेपंल का?" दीडशेची बोली लावून गुरुजींनी टोमणा मारला. योहान उठून उभा राहिला आणि ओरडला, "तीनशे!"

अंगणभर ऐकू गेलं. बन्सीशेठ मात्र गुरुजींकडे हात करून म्हणाला, "दीडशे एक वार, दोन वार, तीन वार. सुटली बोली!"

"ओ शेठ, तीनशे बोल्लोय मी!"

"सुटली म्हंजी सुटली. फुडं भोपळा घ्या."

माझं डोकंच फिरलं. देवाच्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत, दीडशे रुपये बुडवले! योहान तणतणत निघून गेला. शेठ पाणी प्यायला टाकीपाशी गेला, तसा मी त्याच्यामागे गेलो.

"शेठ, तीनशे ऐकू आले नाहीत?"

"आलं की."

"मग?"

तो तोंड पुसत म्हणाला, "पत्रकार, बोली बोलनाऱ्याकडं मी बघतच न्हाई. त्याच्या मागं कोन हाय ते बघतो. त्याची बायकू बघितली का? तीनशे म्हनला आन् तिनं पदर तोंडात कोंबला."

मी वळून बायकांच्या बाजूला बघितलं.

"गडी खिशावर हात दाबून बोलत हुता. उचल घेतलेला मानूस असाच बसतो. टोळी कधी निघनार हाय?"

"परवा."

"मग? वाटखर्चीला कोंबड्याची पिसं नेनार का त्यो?"

ऊसतोडीची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली मजुरी, हाच त्या घराचा सगळा हंगाम. हे मला माहीत होतं... दोन वर्षांपूर्वी मी त्यावर बातमीही लिहिली होती. तरी "तीनशे" ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर फक्त पत्रे आले होते.

"त्याला सांगू नका. लाजंल," शेठ म्हणाला. "बहिरा म्हनू द्या मला."

गुरुजींनी कोंबडा परत दिला. नगरहून आलेल्या नोकरदारांत तो आणखी चार वेळा फिरला. तेव्हा मात्र शेठला कुजबुजलेलंही ऐकू येत होतं! नाताळाच्या आधी पत्रे बसले.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे जाऊन माझे सकाळचे शब्द मागे घेतले. चांगलंच जड गेलं.

वसंतात योहान परतला. भेटेल त्याला सांगायचा, "पुन्हा त्यो अडत्या नगा आनू, ठार बहिरा हाय." मी दर वेळी मान डोलवायचो. आज मात्र मनापासून लिहितो... शेठ, उपकार आहेत तुमचे.