नानांचा उलटा हात

पारोळ्याच्या आमच्या शाळेत सुकलाल नाना तीस वर्षं पी.टी. शिकवत होते, आणि नानांना डावं-उजवं कळत नाही, असं आम्ही शिक्षक मंडळी आपसांत म्हणत असू. "उजवा हात वर!" असं ते मैदान दणाणून सोडत ओरडायचे आणि स्वतःचा डावा वर करायचे. मी गणिताची बाई, चूक दिसली की जीभ खाजते. एकदा बोललेच. तर म्हणाले, "बाई, मी पोरांकडे तोंड करून उभा असतो. पोरं कानानं शिकत नाहीत, डोळ्यानं शिकतात. त्यांचा उजवा उठायला हवा, तर माझा डावाच उठला पाहिजे." ही सवय हाडात इतकी मुरली होती, की डॉक्टरांनी उजवा हात मागितला तरी हे डावा पुढे करत.

लेझमीत कुणी चुकलं तर ते रागावत नसत. शिट्टी मारून सगळ्यांना थांबवत आणि म्हणत, "चुकनं ते चुकनं. परत एक!" म्हणजे चुकलं ते चुकलं, पुन्हा एकपासून सुरू. एरवी माझ्याशी शाळेतलं मराठी बोलणारे नाना जीव ओतून बोलायला लागले की अहिराणीत शिरत.

आमच्या गच्च्या लागून आहेत. ते निवृत्त झाल्यावरच्या उन्हाळ्यात मी सकाळी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला वर गेले, तर पलीकडे नाना बाभळीची वाकडी काठी डोक्यावर उगारून उभे.

"नाना, कोणावर चाललात?"

"जपानी तलवार शे, बाई. सुताराकडून करून घेतली."

लेकीनं दिलेल्या मोबाइलवर त्यांना एक ऐंशीच्या घरातला जपानी म्हातारा सापडला होता. तो आपल्याकडे तोंड करून एकच वार पुन्हा पुन्हा मारायचा. खाली हिंदीत त्याचं बोलणं उमटायचं. "एवढा मोठा माणूस, पण म्हणतो, गुरू रोज माझी चूक काढायचे म्हणून शिकलो," नाना म्हणाले. "जन्मभर मी पोरांच्या चुका काढल्या. आते मनी चूक कोण काढी?"

तीन वर्षं त्यांनी रोज तो वार मारला. मी माझ्या बिबड्या सांभाळत चेष्टा करायचे, पण खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटायचा. मीही निवृत्त झाले होते आणि दिवसभर वर्तमानपत्रातली कोडी सोडवत बसत होते.

मग कळलं, की धुळ्याला या जपानी तलवारीचं दोन दिवसांचं शिबिर आहे, पुण्याहून शिकवणारी मुलगी येणार आहे. "सोबत चला बाई, एकट्याला लाज वाटते," नाना म्हणाले. एसटीत काठी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. "एवढंच विचारायचं शे, पहिला वार बरोबर शे का."

मुलगी असेल तिशीची. तिनं वार मारून दाखवायला सांगितलं. नानांनी मारला.

"काका, तुम्ही डावखुरे आहात?"

"नाही."

"मग हे सगळं उलटं झालंय. मुठीवर उजवा हात वर हवा, उजवा पाय पुढे. डावखुऱ्यांनाही यात असंच करावं लागतं."

शिबिरातली पोरं हसली. मला मात्र लगेच उमगलं. समोर तोंड करून शिकवणारा मास्तर आपल्यासाठी उलटा हात करतो, हा नानांचा विश्वास. मोबाइलमधला तो म्हातारा मात्र आपला सरळच वार मारत होता. मेल्यानं एकदा तरी पाठ फिरवायची होती!

नाना बाकावर बसले. घटाघटा पाणी प्यायले. आता ही काठी चुलीत जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बाकी काही चुकलं का, मॅडम?"

तिनं त्यांना पुन्हा दोनदा वार मारायला लावला. "नाही काका. आरशात बघितल्यासारखं आहे. उलटं आहे, पण नीट आहे."

नानांचे डोळे भरून आले. मी काही बोलणार, तोच ते उठले आणि मुठीवरच्या हातांची अदलाबदल केली. "चुकनं ते चुकनं. परत एक!" पहिला उजवा वार असा तिरपा गेला, की शेजारचा तरुण उडी मारून बाजूला झाला.

तो अख्खा पावसाळा मला पलीकडच्या गच्चीवरच्या पत्र्याखालून फक्त "एक" ऐकू यायचं. "दोन" यायला दिवाळी उजाडली.

यंदा त्या मुलीनंच नानांना पारोळ्यात नव्यांचा वर्ग घ्यायला सांगितलं. "मला समोर तोंड करून उलटं दाखवता येत नाही, पोरांकडे पाठ करावी लागते. तुम्हाला येतं," म्हणाली. आता दर रविवारी शाळेच्या मैदानावर नाना तोंड करून उभे राहतात, तो जुना उलटा वार मारतात आणि समोरच्या रांगेत बारा उजवे हात बिनचूक उठतात. कुणी गुरुजी म्हटलं की संकोचतात. "मी बी शिकीच राहिनू. फक्त मनं तोंड तुमनाकडे शे."

गेल्या रविवारी मीही शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिले, हातात काठी घेऊन. पहिल्याच वाराला हात चुकले. शिट्टी वाजली, सगळी रांग थांबली, आणि तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत लाल फुल्या मारणाऱ्या मला कुणीतरी मैदानापलीकडून मोठ्यानं सांगितलं,

"बाई, चुकनं ते चुकनं. परत एक!"