लाइनवरचा रेडिओ

रेडिओ वाजेना म्हणून मी आधी त्याला दोन थापडा मारल्या. आमच्याकडे रेडिओ दुरुस्तीची पहिली पायरी तीच होती. मग सेलचं झाकण उघडलं आणि आतला प्रकार पाहून खाली बसलो. सेल पाझरून आत पांढरं-हिरवं काहीतरी साचलं होतं. स्प्रिंग बोट लागताच तुटून हातात आली.

ते सेल माझ्या बायकोने उन्हाळ्यात तापवलेले होते. सेल मंदावले की उन्हात ठेवायचे आणि पुन्हा घालायचे, ही गल्लीतली रीतच. नागपूरचं ऊन फुकटचं, त्यामुळे त्यात कोणी हात आखडता घेत नसे. ती कुरड्यांच्या खाटेवर, कुरड्यांच्या शेजारीच ते ओळीने मांडायची. कुरड्या वाळायच्या, सेल तापायचे आणि रेडिओ आणखी काही दिवस रडतखडत बोलायचा. त्या वर्षीही तिने सेल तापवून आत घातले आणि मग अंथरूण धरलं. पावसाळ्यात ती गेली. त्या दिवसांत रेडिओ कोणाला सुचतो? तो फळीवर तसाच पडून राहिला.

आता मात्र मला तो बुधवारच्या दुपारपर्यंत चालू करायचाच होता. बुधवारी त्यावर तिचं गाणं लागणार होतं.

आमच्याकडे कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसते, बायापोरी फेर धरून गाणी म्हणतात. आदल्या वर्षी रेडिओ केंद्राची माणसं कोष्ट्यांच्या बायकांची ही गाणी टेप करून घेऊन गेली होती. पुढे बायको म्हणायची, मागून बाकीच्या. ते पहिल्यांदा लागलं तेव्हा मी गिरणीत पाळीवर होतो. घरी आल्यावर तिने एवढंच सांगितलं, "लागलं होतं जी. आवाज बरा आला माहा." मी म्हटलं, पुढच्या वेळी ऐकू. यंदा भुलाबाईच्या दिवसांत ते पुन्हा लावणार असल्याचं शेजारच्या वहिनींना कळलं होतं. मागून म्हणणाऱ्यांत त्याही होत्या.

खरं सांगायचं तर बायको माझ्यासमोर कधी गायलीच नाही. कितीदा म्हटलं, तर "तुमच्यासमोर मले लाज येते" म्हणून पदर तोंडाला लावायची. गायची ती शेजारी, वहिनींकडे मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली की. मी रात्रपाळी करून दुपारी घरात पडलेला असायचो. दोन्ही घरांची भिंत एकच, मातीची. तिचं गाणं मला त्या भिंतीतून ऐकू यायचं. गल्लीतल्या शेळ्या घरात शिरू नयेत म्हणून मी आतून कडी लावून घ्यायचो. गाणं थांबलं म्हणजे कांड्या भरून झाल्या आणि ती घरी यायला निघाली, हे मला ठाऊक असायचं. मग मी उठून कडी काढून ठेवायचो.

म्हणून वहिनी जेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, बुधवारी आमच्याकडेच या आइकाले, माह्या रेडिओत नवे सेल हायेत," तेव्हा मी चक्क नाही म्हटलं.

"मले घरीच आइकाचं हाय."

"काहून भाऊजी?"

"काहून म्हंजे? माहं घर नाही का?"

वहिनी बिचाऱ्या आपल्या घरात निघून गेल्या. मला एवढंच हवं होतं, की एकदा तरी ते गाणं आमच्या चार भिंतींच्या आत व्हावं. हे त्यांना कसं सांगणार? मला स्वतःलाच तेव्हा ते नीट सांगता आलं नसतं.

मी कानशीने पत्र्याच्या पट्ट्या घासल्या. स्प्रिंगच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी दुमडून कोंबली. नवे सेल आणून घातले. रेडिओ एकदा खोकला आणि मेला. शेवटी गोळीबार चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने आत डोकावून मान हलवली.

"सेलवर नाही चालत आता भाऊ हा. लाइनवर करून देऊ का?"

"अन् लाइन गेली तं?"

"दुपारी कायले जाते लाइन!"

त्याने रेडिओला वायर जोडून तिच्या टोकाला एलिमिनेटरची डबी लावून दिली. घरी येऊन डबी भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसली आणि रेडिओ खणखणीत बोलला. मी हरखून गेलो. त्या वर्षी गल्लीत पॉवरलूम आले होते. ते सुरू झाले की दिवा मिणमिणायचा आणि रेडिओ गुणगुणायचा. शिवाय त्यांच्या खडखडाटात भिंतीपलीकडचं काही म्हणता काही ऐकू येईनासं झालं होतं. पण रेडिओ कानाशी धरला की भागत होतं.

बुधवारी मी घर झाडलं. कोणी पाहुणं येणार असावं तसा धुतलेला सदरा घातला. आतून कडी लावली आणि रेडिओ मांडीवर घेऊन बसलो. बायकांचा कार्यक्रम सुरू झाला. एक बाई मुरंब्याची कृती सांगत होती. ती संपता संपेना. मी तिच्यावर मनातल्या मनात दात-ओठ खात होतो. मग निवेदिका म्हणाली, आता ऐकू या भुलाबाईची गाणी. टिपऱ्या वाजल्या. बायकोने श्वास घेतलेला मला ऐकू आला, आणि लाइन गेली.

मी डबी हलवली. फ्यूज काढून पाहिला. रेडिओला थापडा मारल्या, त्या दुरुस्तीवाल्याला, वीज खात्याला, स्वतःला, सगळ्यांना शिव्या घातल्या. मग रेडिओ तसाच छातीशी धरून भिंतीला टेकून बसलो आणि रडू आलं.

लाइन गेल्यामुळे गल्लीतले पॉवरलूमही एकाएकी थांबले होते. कधी नव्हे ती अशी शांतता झाली, की मला माझाच श्वास ऐकू येऊ लागला. आणि त्या शांततेत पाठीमागच्या भिंतीतून ती गाऊ लागली.

वहिनींचा रेडिओ सेलवर चालत होता. पुढे ती, मागून बाकीच्या. आवाज नेहमीसारखा होता, मातीतून गाळून आलेला, थोडा दबका. मी भिंतीला कान लावला नाही. कधीच लावत नसे. तिथेच आडवा झालो आणि डोळे मिटून नुसता पडून राहिलो.

गाणं थांबलं. मी उठलो आणि दाराची कडी काढली.

कडी काढल्यावर भानावर आलो. कोणी येणार नव्हतं. तरी पुन्हा लावून घ्यायला हात होईना. दार संध्याकाळपर्यंत तसंच उघडं राहिलं, आणि शेळ्या आत येऊन गेल्या.