हलक्या हाताची सिस्टर

रत्नागिरीत माझ्या रंगावरून दोन स्थळं मोडली होती. कुवेतला सलवा भागातल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले आणि अहो आश्चर्यम्, पहिल्याच आठवड्यात मी गोरी झाले! कारण रक्त काढायच्या खोलीत माझ्या जोडीला केनियाची सिस्टर होती.

कसलीही शीर असो, तिनं बोट फिरवलं की हजर. मी टोचायला लागले की मात्र पेशंट आपापल्या देवाला हाका मारायचे. तरी आत येणारा तिला म्हणायचा, "सिस्टरला बोलाव." कुणी तर तिला फरशी पुसायला सांगायचं. ती म्हणायची, "पुसणारी दहाला येते. मी रक्त काढते." लगेच पेशंटचं माझ्याकडे बोट, "ही चालेल." ती रोज स्वतःचं बीपी मोजायची. घरी बरं असायचं, ड्यूटीवर आलं की चढायचं.

शेवटी आम्ही युक्ती काढली. सुई बघवते कुणाला? मी दंडाला पट्टा बांधून "मान तिकडे करा" म्हणायचे आणि मुलंबाळं किती, गाव कुठलं, अशी टकळी सुरू करायचे. तेवढ्यात ती पडद्यामागून यायची, रक्त काढायची की पसार! पेशंट वळून बघतो तर मी कापूस धरून उभी. "कळलंसुद्धा नाही! काय हलका हात!" अभिप्रायाच्या वहीत पानोपानी माझी आरती. ती वाचून आम्ही दोघी पोट धरधरून हसायचो.

एक दिवस मुदीरनी, म्हणजे मॅनेजरनी, मला बोलावलं. मला खोलीची इन्चार्ज करायचं ठरत होतं.

"आणि ती?"

"तिचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. वहीत तिच्याबद्दल एक चांगला शब्द नाही."

खोटं कशाला बोलू, मी मान डोलावून बाहेर आले. तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. चहा तसाच ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी मुदीर स्वतःच रक्त तपासून घ्यायला आले. "हलक्या हाताचीच सिस्टर हवी!" म्हणत त्यांनी आपणहून मान वळवली. सवयीनं ती पडद्यातून पुढे आली. मी तिला खुणेनं थांबवलं आणि सुई माझ्याच हातानं घातली. तीनदा! मुदीर खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"तुमच्या हाताला झालंय काय?"

"हा माझाच हात, साहेब. वहीतला हात तिचा."

मग मी त्यांना मान वळवू दिली नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत तिनं एका टोचणीत नळी भरली.

तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. इन्चार्ज मात्र मीच झाले. मुदीर म्हणाले, "तिचा हात चांगला आहे, पण समोर तुम्ही असलात की पेशंटना बरं वाटतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण मी नाही म्हटलं नाही.