अंदाज आणि प्रत्यक्ष

माझ्या थोरल्या साडूंइतका वेळेचा पक्का माणूस देवगड तालुक्यात नाही, आणि त्यांच्याइतका दुसऱ्याचा वेळ खाणाराही नाही. तरुणपणी चार मिनिटांनी एसटी चुकली, मुलाखत हुकली आणि मुंबईची नोकरी गेली. पुढे ते समुद्राकाठच्या एका वाडीत प्राथमिक शाळेचे गुरुजी झाले, पण ती चार मिनिटं काही विसरले नाहीत. गळ्यात स्टॉपवॉच घालूनच जेवायला बसतात आणि पाहुण्याला विचारतात, “ह्यो भात किती मिनिटांत संपात, सांगा.” माझी मेहुणी आतून म्हणते, “ह्येंका आधी नारळ खवूक सांगा, मगे मोजूंदेत.”

मुलांचं वेळेचं नियोजन मोजायची त्यांनी स्वतःची रीत काढली होती. कामाला किती वेळ लागेल ते मुलानं आधी लिहायचं, मग काम करायचं. अंदाज आणि प्रत्यक्ष जुळलं की वहीत शेरा, ‘अचूक’. चौथीतली सुनंदा गणितात सगळ्यांच्या पुढे, पण तिचं कधी जुळेना. शाळेमागून बादलीभर वाळू आणायला ‘दहा मिनिटं’ लिहून गेली, ती दीड तासानं उगवली. बादलीत बांगडे.

“रापण इली गुरुजी. जाळ्याच्या दोरयेक हात लावलंय, म्हणान माशांचो वाटो गावलो. तुमकाय हाडलंय.”

साडूंनी लिहिलं : ‘अंदाज चुकला. बांगडे ताजे.’

निवृत्ती महिन्यावर आली तसा त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. जायच्या आधी या पोरीला एक तरी ‘अचूक’ द्यायचं, नाहीतर आपली सगळी नोकरी फुकट, असं ते मला रोज फोनवर सांगत. मला हसू येई आणि वाईटही वाटे.

शेवटच्या दिवशी त्यांनी गणितं घातली. कागद गुरुजींच्या हातात पडला की वेळ संपली, हा नियम. सुनंदानं अंदाज लिहिला, वीस मिनिटं. अठराव्या मिनिटाला तिची सगळी गणितं सुटली होती आणि साडू हात पुढे करून उभे होते. पण ती समासाच्या रेघा आखत बसली. वीस झाली, पंचवीस झाली. बाकीची मुलं घरी गेली.

“झाला मां गो? दी बघू.”

“झाला. पण कागद दिलंय काय तुमी जातलास.”

साडू शेजारच्या बाकावर बसले.

संध्याकाळी हे सगळं त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं, “शेवटी किती वेळ लागलो?”

“घड्याळाकडे बघूक नाय मी,” ते म्हणाले.